लवकरचा बटाटा : कोणत्या घड्याळाप्रमाणे?

बटाट्याशी आमची ओळख तशी जुनी आहे. प्रयोगशाळेत आम्ही तो असंख्य वेळा कापला आहे. त्यातला स्टार्च वेगळा केला, कापलेला तुकडा काळा का पडतो हे मुलांना दाखवले, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये त्याचा तुकडा टाकून फेस कसा येतो हेही दाखवले. पण बटाटा जमिनीत लावून वाढवायची वेळ कधी आली नव्हती. ती काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शाळेत आली. शाळेच्या मागे रिकामी जागा होती, आठवीची मुले उत्साही होती, आणि 'साठ-सत्तर दिवसांत निकाल दिसेल असे काहीतरी लावू या' अशी शिक्षकांची सूचना होती.

आमच्याकडे भाजीपाल्याच्या बागेवरचे एक सुंदर इंग्रजी पुस्तक होते. नवशिक्याने 'लवकरच्या' बटाट्यापासून सुरुवात करावी, असा त्यात सल्ला होता. बेणे फेब्रुवारीत उजेडात ठेवून कोंब आणावेत, मार्चअखेरीस लावावे आणि दहा-बारा आठवड्यांत कोवळे बटाटे काढावेत. सगळे सोपे वाटले. स्वयंपाकघरातल्या टोपलीतल्या बटाट्यांना फेब्रुवारीत कोंब आलेलेच होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ते लावले. पुस्तकापेक्षा जरा आधीच लावले याचा थोडा अभिमानही वाटला.

शाळेतले शिपाई मामा खेड तालुक्यातले. ते काम बघत उभे होते. म्हणाले, "सर, होळीला कुणी बटाटा लावतं का?" आम्ही हसलो आणि पुस्तक दाखवले. मामा काही बोलले नाहीत, पाण्याची नळी तेवढी आणून दिली.

झाडे उत्तम वाढली. एप्रिलअखेर ती मुलींच्या कमरेला लागत होती. मेमध्ये, सुट्टी असूनही, वीसेक मुले काढणीला आली. पहिले झाड उपटले, दुसरे उपटले, मग सगळीच. सबंध वाफ्यातून जे निघाले ते एका ओंजळीत मावले. सगळे गोट्यांएवढे. काही झाडांच्या बुडाशी तर लांब पांढऱ्या दोऱ्यांसारख्या फांद्या होत्या आणि त्यातल्या काही जमिनीबाहेर येऊन चक्क पाने घेऊन उभ्या होत्या.

एका मुलीने विचारले, "सर, झाड एवढं छान वाढलं, मग बटाटे कुठे गेले?"

प्रश्न अगदी योग्य होता आणि त्या क्षणी आमच्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो त्याचा वृत्तांत आहे.

बटाटा म्हणजे नक्की काय?

आधी ज्याला आपण बटाटा म्हणतो तो झाडाचा कोणता भाग आहे हे पाहू. जमिनीखाली असतो म्हणून तो मूळ, असे बरीच मुले सांगतात. शेजारी एक रताळे ठेवा आणि दोन्ही नीट निरखायला सांगा. बटाट्यावर 'डोळे' असतात. प्रत्येक डोळा म्हणजे एक खळगा, त्यात एक किंवा अनेक कळ्या, आणि खळग्याच्या कडेला भुवईसारखी एक कमान. ही कमान म्हणजे खवल्यासारख्या लहान पानाची खूण. फांदीवर पानाच्या बगलेत जशी कळी असते तशीच ही रचना आहे. रताळ्यावर अशी शिस्तशीर रचना सापडत नाही, कारण रताळे हे खरोखर मूळ आहे.

करून पहा : एका मोठ्या बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यात एकेक टाचणी टोचा. ज्या टोकाला बटाटा झाडाला जोडलेला होता (तिथे देठाची लहानशी खूण असते) तिथून सुरुवात करून एका टाचणीपासून पुढच्या टाचणीला दोरा गुंडाळत जा. दोरा बटाट्याभोवती मळसूत्रासारखा फिरत जातो आणि दुसऱ्या टोकाला डोळ्यांची गर्दी होते. फांदीवर पाने जशी फिरत फिरत लागतात आणि शेंड्याला दाट होतात तसेच हे आहे. म्हणजे बटाटा ही आखूड झालेली, फुगलेली, स्टार्चने भरलेली फांदीच आहे.

झाडाच्या जमिनीतल्या खोडातून आडव्या फांद्या निघतात. योग्य संदेश मिळाला की त्यांच्या टोकाची लांबी वाढणे थांबते, टोक फुगू लागते आणि पानांत तयार झालेली साखर तिथे स्टार्चच्या रूपात साठू लागते. संदेश मिळाला नाही तर फांदी ही फांदीच राहते. ती लांब होत जाते आणि संधी मिळाली की जमिनीबाहेर येऊन पाने काढते. आमच्या वाफ्यात नेमके हेच झाले होते. झाड आजारी नव्हते, उपाशीही नव्हते. 'आता साठवायला लाग' हा निरोपच फांद्यांच्या टोकांपर्यंत पोचला नव्हता.

निरोप कोण पाठवतो?

निरोप पाने पाठवतात. अमेरिकेत ग्रेगरी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कंद धरण्यास अनुकूल परिस्थितीत वाढलेल्या बटाट्याचा भाग प्रतिकूल परिस्थितीतल्या झाडावर कलम केला. त्या झाडालाही कंद धरले. याचा अर्थ, काहीतरी पदार्थ कलमातून खाली उतरत होता. पुढे १९८१ मध्ये रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्यावर तंबाखूचे कलम केले. फुलण्याच्या स्थितीतल्या तंबाखूच्या कलमाने खालच्या बटाट्याला कंद आणले! जो निरोप तंबाखूला 'फुलायला लाग' सांगतो त्याच प्रकारचा निरोप बटाट्याला 'कंद धर' असे सांगत असावा, हे त्यातून सूचित झाले.

हा दूत पकडायला आणखी तीस वर्षे गेली. २०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात तो एक प्रथिन असल्याचे दाखवले गेले. त्याला एसपी६ए असे नाव आहे आणि तो फुलण्याचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाच्या घराण्यातलाच आहे. तो पानात तयार होतो, अन्नवाहिन्यांतून खाली जातो आणि जमिनीतल्या फांदीच्या टोकाला कंद बनवायला लावतो.

आता प्रश्न असा : पान हा दूत केव्हा पाठवते? दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, दिवसाची लांबी आणि तापमान. त्या समजण्यासाठी बटाट्याच्या माहेरी जावे लागेल.

माहेर अँडीजचे

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या प्रदेशात काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळला. हा प्रदेश विषुववृत्ताजवळ आहे, त्यामुळे तिथला दिवस वर्षभर साधारण बारा तासांच्या आसपास राहतो. पण उंची दोन-तीन हजार मीटर आणि त्याहूनही जास्त, म्हणून रात्री थंड. लहान दिवस आणि थंड रात्री, या दोन खुणांवर बटाट्याने आपले घड्याळ लावून घेतले.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी बटाटा युरोपात नेला. तिथे रात्री थंड होत्या, पण उन्हाळ्यातला दिवस फार लांब. जूनमध्ये लंडनला दिवस साडेसोळा तासांचा असतो. बटाट्याच्या हिशेबी तो काही कंद धरण्याचा काळ नव्हे. दिवस लहान होईपर्यंत तो थांबे, आणि दिवस लहान होतात तोवर हिवाळ्याचे हिम येऊन पाला जाळून टाके. लांब दिवसांतही कंद धरणारी झाडे युरोपीय शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडली, तेव्हा कुठे बटाटा तिथे खऱ्या अर्थाने रुजला.

या निवडीत नक्की काय बदलले? २०१३ मध्ये तेही कळले. पाचव्या गुणसूत्रावरचे एक जनुक झाडाच्या रोजच्या घड्याळाशी जोडलेले आहे. त्यापासून बनणारे प्रथिन कंदाच्या दूताला वाट मोकळी करून देते. दिवस लांब असला की झाड हे प्रथिन मोडून टाकते, आणि दूत निघत नाही. उत्तरेकडच्या लवकर येणाऱ्या बटाट्यांमध्ये या जनुकाची काहीशी तुटकी रूपे आढळतात. त्यांपासून बनलेल्या प्रथिनाचा शेवटचा भाग नसतो, आणि मोडणाऱ्या यंत्रणेची पकड नेमकी त्या भागावर असते. त्यामुळे प्रथिन टिकते, दिवस कितीही लांब असला तरी वाट मोकळी राहते आणि कंद लवकर धरतात.

शेतकरी भाताला हळवा आणि गरवा म्हणतात. बटाट्याच्या हळवेपणाचे एक मोठे कारण असे या एका जनुकात दडलेले निघाले.

इंग्लंडची घाई आणि आपली घाई

आता आमचे पुस्तक चुकीचे का नव्हते आणि आम्ही का चुकलो, हे सांगता येईल.

इंग्लंडमध्ये मार्चअखेर जमीन नुकती उबदार होऊ लागते. त्याआधी लावले तर हिमाने कोंब जळतात. म्हणून बेणे जानेवारी-फेब्रुवारीपासून घरात उजेडाला ठेवून कोंब आणून घ्यायचे, म्हणजे बाहेरची थंडी चालू असतानाच झाडाचे काही आठवडे वाचतात. जून-जुलैत कोवळे बटाटे हाती येतात आणि पावसाळी हवेत येणारा करपा जोर धरण्याच्या आत पीक निघून जाते. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या तीव्र उतारांवर, जिथे ऊन जास्त मिळते तिथे, याहूनही लवकर लागवड करतात. १८८०च्या सुमारास तिथे सापडलेला 'जर्सी रॉयल' हा बटाटा अशा लवकरच्या पिकासाठीच नावाजलेला आहे. तिथली घाई अशी थंडी संपल्याबरोबर सुरू होते.

आपल्याकडे उलटे आहे. पुण्यात डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांपर्यंत जातो. म्हणजे दिवसाची लांबी ही आपली मोठी अडचण नाही. अडचण आहे रात्रीच्या उष्म्याची. रात्रीचे तापमान २० अंशांच्या खाली असले की बटाट्याला कंद चांगले धरतात. त्यापेक्षा रात्री उबदार होऊ लागल्या की कंद धरणे कमी होत जाते. जास्त तापमानात पानातला एसपी६ए हा दूतच कमी तयार होतो, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे.

शिवाय जमाखर्चाचा भाग आहे. पान दिवसा साखर कमावते आणि झाड दिवसरात्र श्वसनात ती खर्च करते. रात्र जितकी उबदार तितका हा खर्च मोठा. थंड रात्री शिल्लक उरते आणि ती कंदात जाते. उष्ण रात्री कमाईचा मोठा भाग श्वसनात आणि उरलेला पाल्याच्या वाढीत जातो.

मार्चमध्ये लावलेल्या आमच्या झाडांना कंद धरण्याचे वय आले एप्रिलमध्ये. तेव्हा पुण्यात दिवसा ३८ अंश आणि रात्री २० अंशांच्या वर तापमान होते. पाला कमरेपर्यंत गेला आणि कंद गोटीएवढे राहिले, यात नवल ते काय!

मामांनी हे सगळे एका वाक्यात सांगितले होते. 'होळी' या शब्दात त्यांच्या दृष्टीने थंडी संपल्याची खूण होती. आम्ही मात्र पुस्तकातला 'मार्च' हा शब्द घेतला आणि त्यामागचे कारण तिथेच सोडून दिले. महिन्याचे नाव हे काही कारण नव्हे. कारण आहे तापमान, आणि एकाच महिन्याचे तापमान लंडनला वेगळे, पुण्याला वेगळे.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर तर पावसाळ्यात बटाटा पिकतो, तो कसा? ते पठार उंचावर आहे, पावसाळ्यात आकाश ढगाळलेले असते, दिवसाचे तापमान उतरलेले असते. म्हणजे खरिपातही तिथे बटाट्याला सोसेल इतका गारवा मिळतो. तरीही खरिपाचे उत्पन्न रब्बीपेक्षा सहसा कमीच येते, आणि ओल्या हवेत करप्याची भीती असते ती वेगळीच.

'लवकर' नावाचा बटाटा

भारतात बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला असे मानतात. आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. गंमत म्हणजे मुळात तो कॅरिबियन बेटांवरचा रताळ्यासाठीचा शब्द आहे!

युरोपातून आलेल्या जाती लांब उन्हाळी दिवसांसाठी निवडलेल्या होत्या, आणि आपण बटाटा पिकवतो हिवाळ्यात. म्हणून आपल्या हवामानाच्या जाती तयार करणे आवश्यक होते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलली. सिमल्याजवळच्या कुफरी या गावाचे नाव तिच्या जातींना असते. 'कुफरी चंद्रमुखी' ही लवकर येणारी आणि 'कुफरी ज्योती' या दोन प्रसिद्ध जाती १९६८ मधल्या. १९७२ मध्ये दख्खनच्या पठारी प्रदेशासाठी एक जात प्रसारित झाली, तिचे नाव 'कुफरी लवकर'. होय, आपलाच मराठी शब्द! इंग्रजी स्पेलिंगमुळे पुष्कळांच्या ते लक्षात येत नाही. उबदार रात्री सोसणारी 'कुफरी सूर्या' ही जात २००६ मधली.

संस्थेचे दुसरे मोठे काम बेण्याचे. बटाट्याचे विषाणू मावा या किडीमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि कंदांतून पुढच्या पिढीत उतरतात. म्हणून पूर्वी निरोगी बेणे डोंगरांतून आणावे लागे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुष्करनाथ यांनी दाखवून दिले, की उत्तरेच्या मैदानी भागातही ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मावा फार कमी असतो. या अवधीत बेण्याचे पीक घ्यायचे आणि मावा वाढण्याच्या आत पाला कापून टाकायचा. या साध्या युक्तीने देशाचा बेण्याचा प्रश्न बराच सुटला. इथेही खरा प्रश्न वेळेचाच होता.

झोप आणि जाग

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणपणाने वागायचे ठरवले. या वेळी मामांना आधी विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : दिवाळीनंतर लावा, आणि दुकानातला बटाटा नको, बेणे आणा.

दुकानातला बटाटा का नको? नुकत्याच काढलेल्या बटाट्याचे डोळे झोपलेले असतात. साधारण दोन-अडीच महिने त्यांना ओल आणि ऊब दिली तरी ते उगवत नाहीत. ही झोप झाडाच्या सोयीची आहे, नाहीतर कंद जमिनीतच अवेळी उगवून फुकट गेले असते. म्हणजे बाजारातला नवा बटाटा लावला तर तो ओल्या मातीत नुसता पडून कुजण्याचीच शक्यता जास्त. शिवाय साठवणीतल्या काही बटाट्यांवर कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेले असते, आणि त्यात विषाणू किती आहेत हे डोळ्यांनी कळत नाही. बेण्याचा बटाटा शीतगृहातून लागवडीच्या दहा-पंधरा दिवस आधी काढतात, म्हणजे तो हळूहळू जागा होतो.

या दहा-पंधरा दिवसांत वर्गात एक छान प्रयोग होतो. सारखे दिसणारे नऊ बटाटे घ्या. तीन बंद खोक्यात अंधारात ठेवा. तीन खिडकीजवळ, पण थेट ऊन लागणार नाही असे. तिसऱ्या गटातले बटाटे आडवे कापून खिडकीजवळच ठेवा. अंधारातले कोंब लांब, पांढरे आणि ठिसूळ होतात. उजेडातले आखूड, जाड आणि हिरवे-जांभळे होतात. लागवडीला हेच हवेत, कारण हाताळताना ते मोडत नाहीत. अख्ख्या बटाट्यात शेंड्याकडचा डोळा आधी उगवतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. कापलेल्या बटाट्यात देठाकडच्या अर्ध्या भागावरचेही डोळे जागे होतात. झाडाचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, तोच नियम इथे आहे.

दुसरी लागवड

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही लावणी केली. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी कृती थोडक्यात देत आहोत.

बेण्याचे साधारण ४० ते ५० ग्रॅमचे तुकडे करा. प्रत्येकावर निदान दोन डोळे हवेत. लहान बटाटे अख्खेच लावा. कापलेले तुकडे लगेच मातीत घालू नका. दोन दिवस सावलीत, हवा खेळेल पण सुकणार नाहीत असे ठेवा. कापलेल्या भागावर बुचासारखा एक संरक्षक थर तयार होतो. जखमेवर खपली धरावी तसाच. हा थर नसेल तर मातीतले जंतू आत शिरतात आणि तुकडा कुजतो.

जमीन भुसभुशीत करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे खत नको. दोन फुटांवर सऱ्या काढून वीत-वीतभर अंतरावर तुकडे ठेवा आणि वर दोन-तीन इंच माती ओढा. पहिले पाणी हलके द्या. पुढे जमीन ओलसर राहील पण चिखल होणार नाही इतपत, साधारण आठवड्याने द्या. जागा नसेल तर सिमेंटच्या स्वच्छ धुतलेल्या गोणीला तळाशी भोके पाडून निम्मी भरा आणि त्यात दोन तुकडे लावा. झाड वाढेल तशी वरून माती घालत जा.

लावणीनंतर पंचवीस-तीस दिवसांनी, झाडे वीतभर झाली की बुंध्याला मातीची भर द्या आणि वरंबा उंच करा. त्याचे कारण आता वाचकांच्या लक्षात आले असेल. कंद खोडाच्या जमिनीतल्या भागातून निघणाऱ्या फांद्यांवर धरतात. त्या फांद्या अंधारात आणि गारव्यात राहाव्यात, आणि वाढणारे कंद उघडे पडू नयेत.

मुलांनी एक वही घातली. रोज सकाळी रात्रीचे किमान तापमान त्यात लिहायचे, आणि लावणीनंतर ४५व्या, ६०व्या आणि ७५व्या दिवशी एकेक झाड खणून कंद मोजायचे, वजन करायचे. ४५व्या दिवशी कंद सुपारीएवढे निघाले. मार्चच्या आठवणीने मुलांचे चेहरे उतरले. ६०व्या दिवशी लिंबाएवढे झाले. ७५व्या दिवशी एका झाडाखाली सहा चांगले बटाटे निघाले, तेव्हा झालेला गलका मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. जवळजवळ सगळे वजन शेवटच्या महिन्यात भरले होते, आणि वहीत त्या महिन्याच्या रात्री होत्या दहा ते चौदा अंशांच्या! दीड किलो बेण्याचे साडेनऊ किलो बटाटे झाले. शेतकऱ्याच्या मानाने हे काही फार नव्हे, पण आमच्या ओंजळीच्या मानाने पुष्कळच.

काढणीच्या दहा दिवस आधी पाणी बंद केले आणि पाला कापला होता. त्यामुळे साल पक्की होते. कोवळ्या बटाट्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते. तसा खायला गोड लागतो, पण टिकत नाही.

एक सावधगिरी

एका कडेच्या वरंब्यावर भर नीट पडली नव्हती. तिथले चार-पाच बटाटे हिरवे झाले होते. ते आम्ही फेकून दिले, आणि का फेकले हे मुलांना सांगितले. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः निरुपद्रवी आहे. पण ज्या उजेडाने हरितद्रव्य तयार होते त्याच उजेडाने सोलॅनिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात. ती शिजवून नष्ट होत नाहीत. १९६९ मध्ये लंडनमधल्या एका शाळेत जेवणात वापरलेल्या जुन्या बटाट्यांमुळे ७८ मुले आजारी पडली आणि त्यांतल्या काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. सोलॅनिनमुळेच हे घडले असावे असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. तेव्हा हिरवे, कडवट लागणारे किंवा खूप कोंब आलेले बटाटे खाऊ नयेत. बटाट्याच्या झाडाला कधी कधी छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळे येतात, तीही विषारीच. शाळेच्या बागेत हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगावे.

उत्तर

'बटाटे कुठे गेले?' असे विचारणारी मुलगी आता नववीत होती. तिनेच दोन्ही वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी लिहून फळ्यावर लावल्या. पहिल्या वर्षीच्या किमान तापमानाची नोंद आमच्याकडे नव्हती, ती तिने वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांतून काढली होती. खाली लिहिले होते : 'बटाटे कुठे गेले नाहीत. ते आलेच नाहीत, कारण रात्री गरम होत्या.' हे उत्तर तिला आम्ही सांगितलेले नव्हते. दोन वर्षांच्या नोंदी समोर मांडल्यावर तिला ते दिसले.

'लवकर' हा शब्द बटाट्याच्या पिशवीवर असो की पुस्तकात असो, तो कशाच्या आधी लवकर, हे विचारले पाहिजे. इंग्लंडमध्ये करप्याच्या आधी आणि बाजारातल्या गर्दीच्या आधी. आपल्याकडे उन्हाळ्याच्या आधी. आपल्या थंडीच्या तीन महिन्यांच्या खिडकीत बसावे म्हणून आपल्याला हळवी जात हवी असते. पुढे रात्री अधिक उबदार होत गेल्या तर ही खिडकी आणखी अरुंद होईल. म्हणून रोजच्या किमान तापमानाची वही, जिला फारसा खर्च येत नाही, शाळाशाळांत ठेवली जावी असे आम्हाला वाटते.

कोकणातल्या, विदर्भातल्या, घाटमाथ्यावरच्या शाळांच्या वह्या आमच्या वहीपेक्षा नक्कीच वेगळ्या निघतील. लागवडीची तारीख, रात्रीची तापमाने आणि झाडामागचे वजन एवढे तीन आकडे जरी लिहिलेत तरी पुरे. पण लावायच्या आधी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला जरूर विचारा, आणि तो काही बोलला तर हसू नका.